उतरणं डाउनविंडवर ठरतं

लातूरच्या धावपट्टीवरून उडालेलं छोटं विमान वायव्येला नाक धरून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं, की साधारण अर्ध्या वाटेवर त्याच्या उजव्या हाताला सिंदफणा नदीवरचा माजलगाव धरणाचा जलाशय येतो. हवा स्वच्छ असेल तर पाच हजार फुटांवरून तो तीसेक किलोमीटरवरूनही ओळखू येतो. मांडीवर नकाशा घेऊन शिकणाऱ्या वैमानिकाला अशाच खुणा लागतात. मोठं पाणी, नदीचं वळण, रेल्वेचा रूळ. धरणाच्या उत्तरेला गोदावरी दिसते, खाली कालव्याच्या पाण्यावरचा हिरवा ऊस आणि त्याला लागून नांगरून टाकलेली काळी रानं.

या पाण्याच्या काठी राहणाऱ्या मुलाला मात्र विमान शिकायचं तर जिल्हा सोडावा लागतो. बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. बीड शहरात रेल्वे पोचली तीच १७ सप्टेंबर २०२५ ला. माजलगावपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशा चार धावपट्ट्या आहेत. पण वैमानिक घडवणारी राज्यातली ओळखीची नावं घ्यायची तर गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर, नागपूर अशीच घ्यावी लागतात. बारावीच्या वर्गात ‘पायलट व्हायचं’ म्हणणारं एखादं पोर माजलगावातही असतंच. ते घरातून निघून या गावांपैकी एखाद्या ठिकाणी पोचलं, ग्राउंड क्लास झाले, स्टुडंट पायलट लायसन्स हातात आलं, की त्याच्या पुढ्यात जे काम येतं त्याचं नाव सर्किट.

सर्किट म्हणजे धावपट्टीभोवतीचा चौकोनी फेरा. उडायचं, दोनदा डावीकडे वळायचं, धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जायचं, पुन्हा दोनदा डावीकडे वळायचं आणि उतरायचं. उतरलेलं विमान थांबवायचंही नाही. चाकं टेकली की फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, वर, इंजिनाचा जोर ठरवणारा थ्रॉटल पूर्ण पुढे आणि पुन्हा हवेत. यालाच टच अँड गो म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटेल. पण विमान उतरवण्याची सगळी विद्या या चौकोनात आहे आणि ती शेवटच्या बाजूला नाही, आधीच्या बाजूंना आहे, हे समजायला विद्यार्थ्याला बरेच दिवस लागतात.

सेसना १७२ हे चार आसनांचं, एका इंजिनाचं, पंख डोक्यावर असलेलं विमान जगभर शिकवण्यासाठी वापरतात. त्याचं सर्किट पाहण्यासारखं आहे. ५५ नॉटच्या आसपास नाक उचललं की विमान आपसूक जमीन सोडतं. नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे हा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास झाला. जमिनीपासून एक हजार फुटांवर विमान सरळ करायचं. आता ते धावपट्टीला समांतर बाजूवर, म्हणजे डाउनविंड लेगवर आहे, धावपट्टी डाव्या खिडकीतून दिसते आहे. इथे विद्यार्थ्याला रेडिओवर आपली जागा सांगायची असते, तपासणीची यादी तोंडपाठ म्हणायची असते, वेग ९० नॉटला बांधून ठेवायचा असतो आणि धावपट्टीपासूनचं अंतर डोळ्यांनी मापायचं असतं. उतरायचं टोक डाव्या पंखाच्या रेषेत आलं की थ्रॉटल मागे, पहिला फ्लॅप. टोक खांद्यामागे ४५ अंशांवर गेलं की बेस लेगचं, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या आडव्या बाजूचं वळण. दुसरा फ्लॅप. मग धावपट्टीच्या रेषेतली शेवटची बाजू, फायनल, तिसरा फ्लॅप, ६५ नॉट.

यातली एक गोष्ट बिघडली की ती पुढे सरकत जाते. डाउनविंडला उंची शंभर फूट जास्त राहिली तर बेसवरही ती जास्तच असते. फायनलवर विद्यार्थी नाक खाली दाबून ती घालवायला बघतो, त्यात वेग वाढतो, आणि धावपट्टीवर पोचल्यावर विमान टेकायलाच तयार होत नाही. ६५ ऐवजी ७२ नॉट म्हणजे फक्त सात नॉट जास्त. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे विमानापाशी खर्चायची ऊर्जा जवळपास २३ टक्के जास्त असते. ती घालवायला धावपट्टीचे शेकडो फूट निघून जातात. इन्स्ट्रक्टर उतरल्यावर चुकलेल्या लँडिंगबद्दल बोलायला बसतात तेव्हा बहुतेक वेळा बोलणं डाउनविंडचं असतं.

एका सर्किटला सहा ते सात मिनिटं लागतात. तासाभराच्या उड्डाणात आठ-नऊ लँडिंग होतात. त्यातला खरा नाजूक भाग, म्हणजे उतार मोडून विमान धावपट्टीला समांतर आणायचं आणि वेग मरेपर्यंत ते जमिनीला लागू द्यायचं नाही, तो फ्लेअर, जेमतेम पाच-सहा सेकंदांचा असतो. हिशेब केला तर तासभर उडून फ्लेअरचा सराव एक मिनिटही होत नाही. हजारो रुपयांचं इंधन, भाडं, शिक्षकाचा वेळ, आणि त्यातून मिळालेली चाळीस-पन्नास सेकंदं. वैमानिकी महाग का आहे याची कारणं अनेक सांगतात, पण हे गणित त्यात पहिलं यायला हवं.

फ्लेअर शब्दांत शिकवता येत नाही, आणि तरीही प्रत्येक इन्स्ट्रक्टरला तो शब्दांतच शिकवावा लागतो. जमिनीपासून दहा-वीस फुटांवर नजर धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाकडे न्यायची. समोरचं डांबर बघत राहिलं तर उंची कळत नाही. दूर बघितलं की डोळ्यांच्या कडांना जमीन वर येताना जाणवते. मग योक (हातातलं सुकाणू) हळूहळू मागे ओढायचा. डोक्यावरची भरलेली घागर ओट्यावर ठेवणारी बाई शेवटच्या वितीतही हात सैल सोडत नाही, तसं विमान शेवटच्या फुटापर्यंत धरून ठेवायचं असतं. वेग कमी होत जातो, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा, इशारा देणारा भोंगा कुरकुरायला लागतो आणि मागची दोन चाकं टेकतात. नाकाचं चाक त्यानंतर.

पंखाच्या लांबीइतक्या उंचीच्या आत विमान आलं की पंखाखालची हवा आणि जमीन मिळून त्याला थोडं तरंगतं ठेवतात. सेसना १७२ च्या पंखांचा पसारा अकरा मीटर, म्हणजे ३६ फूट. हे तरंगणं विद्यार्थ्याला गोंधळात टाकतं. तो योक जास्त ओढतो, विमान पुन्हा वर चढतं, वेग संपतो आणि ते धप्पकन खाली येतं. कधी चाकं आपटून उसळतं. उसळलेल्या विमानाचं नाक घाबरून खाली दाबणं ही सगळ्यांत वाईट प्रतिक्रिया, कारण मग पुढचं चाक आधी आपटतं आणि नाकाचा पाय मोडण्यापर्यंत गोष्ट जाते. उसळी लहान असेल तर स्थिर धरायचं, मोठी असेल तर पूर्ण पॉवर देऊन निघून जायचं.

साधारण पंधरा ते पंचवीस तासांच्या आसपास एक दिवस इन्स्ट्रक्टर विमान थांबवायला सांगतात, हेडफोन काढतात, दार उघडून खाली उतरतात. पहिला सोलो. बाजूची खुर्ची रिकामी झाल्याने सत्तर-ऐंशी किलो वजन कमी झालेलं असतं, त्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर उडतं, भरभर चढतं आणि उतरताना जास्त तरंगतं. म्हणजे ज्या दिवशी शेजारी कुणी नाही, त्याच दिवशी विमानही ओळखीचं राहत नाही. चांगले शिक्षक हे आधीच बजावून ठेवतात. आपल्याकडच्या अनेक फ्लाइंग क्लबांत सोलो करून आलेल्या विद्यार्थ्याला सोबती पाण्याने चिंब भिजवतात. त्या दिवशीची लॉगबुकातली नोंद छोटी असते, पण पुढे वीस हजार तास उडालेले कॅप्टनही तिची तारीख सांगतात.

या राज्यात ही विद्या जुनी आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली जुहूला सुरू झाला. जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेलं पहिलं वैमानिक प्रमाणपत्र १० फेब्रुवारी १९२९ चं. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन निघालेलं त्यांचं पस मॉथ अहमदाबादमार्गे याच जुहूला उतरलं. पुढे मुंबईचं आकाश इतकं गजबजलं, की क्लबला शिकाऊ उड्डाणं धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर न्यावी लागली. सर्किटला मोकळं आकाश लागतं, आणि ते आता महानगरांत उरलेलं नाही. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सच्या फॉकर फ्रेंडशिपचं कोलकाता–सिलचर उड्डाण नेलं. सहवैमानिक निवेदिता भसीन होत्या आणि विमानातले सगळे कर्मचारी स्त्रियाच. आज भारतातल्या वैमानिकांत स्त्रियांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वर. मुलीला हे जमेल का, असं विचारणाऱ्या पालकांना एवढा आकडा पुरावा.

मोकळ्या आकाशाचा प्रश्न मराठवाड्यात नाही. इथे परीक्षा घेते ती हवा. पावसाळ्याचे महिने धरसोडीत जातात, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. उत्तरेकडे हिवाळ्यात धुकं दाटतं. रायबरेलीजवळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीने हिवाळ्यातली उड्डाणं गोंदियाच्या बिरसी विमानतळावर हलवली ती त्यामुळेच. पण मार्च उलटला की इकडे दुसरं संकट. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच. दुपारी पारा ४० अंशांवर गेला की तिथली हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ते साडेपाच हजार फूट उंचीवर असल्यासारखं असतं. वेगदर्शक ६५ नॉटच दाखवतो, पण विमान प्रत्यक्षात सत्तरच्या आसपास पळत असतं, थांबायला जास्त धावपट्टी घेतं. इंजिनाचा जोरही घटतो, त्यामुळे उतरणं सोडून पुन्हा चढायची वेळ आली तर ते मंदपणे चढतं.

जमिनीचा रंगही हातात जाणवतो. नांगरलेली काळी माती उन्हात तापते, तिच्यावरची हवा वर उसळते. शेजारच्या भिजवलेल्या उसावरची हवा गार असते, तिथे उसळी नसते, उलट हवा खाली बसते. माजलगावच्या लाभक्षेत्रासारख्या पट्ट्यावरून, एक फड हिरवा, एक रान काळं, अशा जमिनीवरून दुपारी खाली येणारं हलकं विमान दर काही सेकंदांनी उचललं आणि सोडलं जातं. ६५ नॉटचा काटा ६० वर जातो, ७२ वर जातो. म्हणून उन्हाळ्यात शिकाऊ उड्डाणं भल्या पहाटे सुरू होतात आणि ऊन चढलं की विमानं हँगरमध्ये जातात.

वारा धावपट्टीच्या रेषेत क्वचितच येतो. आडवा वारा असला की विमानाचं नाक वाऱ्याकडे तिरकं धरून यावं लागतं, आणि टेकायच्या आधी रडरने नाक धावपट्टीच्या रेषेत आणून वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवावा लागतो. अशा वेळी वाऱ्याकडचं चाक आधी टेकतं, दुसरं नंतर. दोन्ही हात आणि दोन्ही पाय चार वेगळी कामं करतात. सेसना १७२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा सिद्ध करून दाखवलेला आकडा १५ नॉट आहे. विद्यार्थ्याला क्लब त्याहून पुष्कळ कमी मर्यादा घालून देतो आणि अनुभवाप्रमाणे वाढवतो.

शिक्षणात आणखी एक उतरणं असतं, ते धावपट्टीवरचं नसतं. दोन हजार फुटांवर इन्स्ट्रक्टर अचानक थ्रॉटल मागे ओढतात आणि सांगतात, इंजिन गेलं. सेसना १७२ एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे सरकतं. म्हणजे दोन हजार फुटांवरून आवाक्यात पाच-साडेपाच किलोमीटर येतात, वळायला लागलं तर त्याहून कमी. तेवढ्या वर्तुळात रान शोधायचं. इथे शेतकऱ्याच्या घरातल्या विद्यार्थ्याला शहरातल्या मुलाला नसलेलं ज्ञान असतं. वरून गुळगुळीत हिरवा दिसणारा गालिचा उभा ऊस आहे आणि तो विमान पालथं करेल, हे त्याला सांगावं लागत नाही. कापूस आणि तूर उभी असेल तर नको. पाऊस होऊन गेलेलं काळं रान तर नकोच, पुढचं चाक चिखलात रुततं. ज्वारी किंवा हरभरा निघून गेलेलं सपाट रान बरं; सऱ्यांच्या लांबीने उतरायचं, आडवं नाही. बांध, विहीर, आणि सगळ्यांत घातक म्हणजे विजेच्या तारा. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून खांबांची रांग शोधायची. जमिनीपासून पाचशे फुटांच्या आसपास इन्स्ट्रक्टर पॉवर परत देतात आणि दोघं वर चढतात.

उतरण्याच्या सगळ्या शिक्षणात सर्वांत अवघड धडा न उतरण्याचा आहे. गो-अराउंड. वेग जमत नाही, उंची जमत नाही, धावपट्टीवर कुत्रं आलं, वारा फिरला, काहीही झालं की पूर्ण पॉवर द्यायची आणि पुन्हा सर्किटला यायचं. हातांना यात काही अवघड नाही. मन तयार होत नाही. एवढं जवळ आल्यावर धावपट्टी सोडून देणं विद्यार्थ्याला हरल्यासारखं वाटतं.

हा धडा फक्त विद्यार्थ्यांचा नाही. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं १३४४ क्रमांकाचं उड्डाण कोळिकोडला मुसळधार पावसात उतरत होतं. मुख्य वैमानिक कॅप्टन दीपक साठे नागपूरचे, हवाई दलात नाव कमावून आलेले, दहा हजारांहून जास्त तासांचा अनुभव असलेले. पहिला प्रयत्न त्यांनी सोडून दिला होता. दुसऱ्या खेपेला वारा पाठीमागून होता. बोइंग ७३७ ने ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट ओलांडल्यावर चाकं टेकवली, म्हणजे निम्मी धावपट्टी मागे गेली होती. पठारावरच्या धावपट्टीचं टोक ओलांडून विमान खाली कोसळलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने नोंदवलं, की उतरणं स्थिर नव्हतं आणि सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं असतानाही ते चालू राहिलं. अहवालाने कॅप्टनच्या बाजूच्या बिघडलेल्या वायपरची आणि कंपनीच्या पातळीवरच्या उणिवांचीही नोंद केली. त्या माणसाच्या आयुष्यभराच्या सेवेचा मान ठेवूनच हा अहवाल प्रत्येक फ्लाइंग क्लबात वाचला पाहिजे. सेसनाच्या सर्किटमध्ये विद्यार्थ्याने स्वतःहून गो-अराउंड घेतला तर शिक्षकाने त्याची पाठ थोपटावी. ती सवय पहिल्या पन्नास तासांत लागली नाही, तर नंतर ती लावणं फार कठीण.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास मुख्य वैमानिक म्हणून, आणि त्यात ३०० सागरी मैलांची एक सफर, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. या सफरीत सर्किटमध्ये कमावलेली नजर पुन्हा तपासली जाते. अरुंद धावपट्टीवर शिकलेला विद्यार्थी छत्रपती संभाजीनगरसारख्या रुंद धावपट्टीवर येतो तेव्हा त्याला आपण आहोत त्याहून खाली आहोत असं वाटतं आणि तो फ्लेअर वरच करून बसतो. रात्री उडण्याचे पाच तास आणि त्यात दहा लँडिंगही लागतात. अंधारात जमीन दिसत नाही, फक्त दिव्यांच्या दोन रांगा आणि बाजूला चार दिवे: दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतार बरोबर, चारही लाल म्हणजे धोक्याइतकं खाली.

रेडिओवरचं सगळं बोलणं इंग्रजीत असतं. मराठी माध्यमातल्या मुलांना सर्वांत मोठी धास्ती याची वाटते, आणि ती अनाठायी आहे. तिथे वक्तृत्व लागत नाही. ठरलेली वाक्यं, ठरलेले आकडे. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नायनर’. महिनाभर रोज कानावर पडलं की बसतं. खरी भिंत पैशांची आहे. परवान्यापर्यंतचा खर्च आज ४० ते ५० लाखांच्या घरात जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला हा आकडा उच्चारणंही अवघड. राज्य सरकारच्या महाज्योती संस्थेने २०२१ मध्ये इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या २० विद्यार्थ्यांना नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक करण्याची योजना आणली. बीडसारख्या जिल्ह्यासाठी यापेक्षा नेमकी योजना सुचवता येणार नाही, पण वीस जागा साऱ्या राज्याला मिळून. अमरावतीला बेलोरा विमानतळावर एअर इंडिया उभारत असलेल्या प्रशिक्षण संस्थेचं उद्दिष्ट वर्षाला १८० वैमानिकांचं आहे; तिच्यासाठी ३१ पायपर आणि ३ डायमंड विमानांची मागणी नोंदवली गेली. विदर्भात हे होऊ शकतं तर लातूर किंवा धाराशिवच्या धावपट्टीवरही शिकाऊ विमानांचं सर्किट चालू शकतं. हिवाळ्याची स्वच्छ हवा आणि मोकळं आकाश या दोन्ही गोष्टी तिथे आधीच आहेत, आणि मराठवाड्यातल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी रेल्वेइतक्याच चिकाटीने लावून धरायला हवी.

तोवर माजलगावच्या ज्या घरात हा विषय निघाला आहे त्यांनी क्रम नीट ठेवावा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. त्यानंतर, आणि कोणत्याही संस्थेत आगाऊ रक्कम भरण्याआधी, महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी. व्यावसायिक परवान्यासाठी पुढे पहिल्या श्रेणीची करावी लागतेच. रंगदृष्टीतला दोष याच तपासणीत कळतो. मग संस्थेला प्रत्यक्ष भेट द्यावी आणि तिथे इमारत, गणवेश, जाहिरात न बघता दोनच गोष्टी विचाराव्यात: उडण्यायोग्य विमानं आज किती आहेत, आणि एका इन्स्ट्रक्टरमागे विद्यार्थी किती.